शिखर कोणाचे?

सिनाय पर्वताच्या पायथ्याशी सहाव्या शतकात बांधलेला संत कॅथरीनचा मठ आहे. तेथून वर जायला दोन वाटा. एक दगडी पायऱ्यांची, खडी. दुसरी लांबची पण सोपी. तिच्यावर बेदुईन लोकांचे उंट मिळतात. पवित्र भूमीच्या यात्रेत आपण मध्यरात्रीनंतर निघून २,२८५ मीटर उंचीवर पोहोचतो आणि नकळत हिशेब मांडतो : आपण चालत आलो, ते उंटावरून आले, मग खरी यात्रा कोणाची?

कष्टाला मोल आहे, हे उपवासकाळ आपल्याला शिकवतो. पण तरुणाला जी चढण खेळ वाटते, तीच गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजीला तप असते. उंटही शिखरापर्यंत जात नाही. शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या सर्वांनाच पायी चढाव्या लागतात. तेथे दमलेल्याला हात द्यायचा, तर आपली चाल मंद करावी लागते. मग सूर्योदय चुकण्याची भीती वाटते. ही भीती खोटी नाही. इतक्या दूर आपण पुन्हा कधी येणार?

परंपरेनुसार याच पर्वतावर मोशेला दहा आज्ञा मिळाल्या. त्या घेऊन त्याला खाली, लोकांमध्ये यावे लागले. सूर्योदय पाहणे हा आनंद आहे. सोबत्याला मागे न टाकणे ही आज्ञा आहे. दोन्ही साधले तर उत्तमच. एकच साधणार असेल, तर काय निवडायचे हे आपल्याला ठाऊक आहे. रविवारी देवळाची पायरी चढतानाही शेजारी कोण थांबले आहे, तेवढे पाहू या.