यरुशलेमसाठी वर्गणी
इ.स. 55च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी चाललेल्या वर्गणीविषयी आहेत. मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वतः हलाखीत असूनही ऐपतीबाहेर दिले, हे सांगून पौल करिंथकरांना काहीसे डिवचतोच. मात्र दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचा, मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक तो येथे पुढे करीत नाही, हे आजच्या अनेक उपदेशकांच्या सोयीस्करपणे नजरेआड होते. ज्याच्याजवळ जे असेल त्या मानाने त्याने द्यावे, दुसऱ्याला सुख लाभावे म्हणून स्वतः ओढग्रस्त होऊ नये, अशी त्याची भूमिका आहे. शिवाय रकमेच्या व्यवहारावर कोणी बोट ठेवू नये, म्हणून तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवतो.