वण, क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

मुरुमांनी चेहऱ्यावर मागे ठेवलेले खड्डे वैद्यकीय उपचारांनी भरून घ्यावेत, की देहाचा भोग मानून ते मुकाट्याने वागवावेत, हा प्रश्न वरकरणी त्वचेचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी देह आणि आत्मा यांच्या नात्याचा जुना प्रश्न आहे. देह नश्वर मानणाऱ्या परंपरेत चेहऱ्यासाठी पैसा आणि वेळ खर्च करणे हा मोह ठरतो. आणि त्याच परंपरेत वाढलेला समाज लग्नाच्या बैठकीत मुलीच्या गालावरचे वण निरखून पाहतो. या विसंगतीचा विचार करण्यास अहिल्यानगर जिल्ह्याची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याची, भूमी विशेष योग्य आहे. कारण याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला ‘क्षेत्र’, म्हणजे शेत, आणि त्या शेताला जाणणाऱ्याला ‘क्षेत्रज्ञ’ म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी या अध्यायाचे निरूपण अतिशय विस्ताराने केले आहे. या रूपकाचा अर्थ बहुधा एकाच बाजूने घेतला जातो: शेत वेगळे आणि जाणणारा वेगळा, म्हणून शेताची चिंता व्यर्थ. परंतु ज्या मुलखात हे निरूपण झाले, तेथील शेतकऱ्याला दुसरी बाजूही ठाऊक आहे. आपण म्हणजे आपली जमीन नव्हे, हे तो जाणतो आणि तरीही पावसाने बांध फुटला तर तो पुन्हा घालतो, घळ पडली तर ती बुजवतो. जमिनीची निगा राखणे आणि जमिनीलाच आपले सर्वस्व मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. देहाच्या बाबतीतही हाच भेद धरला, तर उपचार घेणे आणि वैराग्य यांत विरोध उरत नाही.

प्राचीन वैद्यकाने हा भेद स्पष्टपणे ओळखला होता. सुश्रुतसंहितेत तारुण्यात चेहऱ्यावर उठणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ असे नाव असून त्यांची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे लहान रोगांत, केलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुश्रुताने व्रणाच्या, म्हणजे जखमेच्या, चिकित्सेचे जे सात मुख्य उपक्रम सांगितले आहेत, त्यांतील सहावा ‘रोपण’, म्हणजे जखम भरून आणणे, हा असला तरी तेथे चिकित्सा संपत नाही. सातवा उपक्रम ‘वैकृतापह’, म्हणजे जखमेने आलेली विकृती दूर करणे, हा आहे. चिकित्सास्थानातील साठ उपक्रमांत खोल गेलेला भाग वर आणणारे ‘उत्सादन’ आणि वर आलेला भाग खाली बसवणारे ‘अवसादन’ यांचाही समावेश आहे. वण कमी करणे ही बरे होण्याचीच शेवटची पायरी आहे, असा या मांडणीचा अर्थ होतो. त्याच सुश्रुताने असेही नोंदवले आहे की, जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, आणि याच कारणाने तिला व्रण म्हणतात. मराठीतील ‘वण’ हा शब्द याच ‘व्रण’ शब्दापासून आला असून, मूळ जखमेचे नाव मराठीत तिच्या खुणेला मिळाले आहे.

वण हे पूर्वकर्माचे फळ असल्याने त्यावर उपाय करू नये, असा आक्षेप घेतला जातो. चरकसंहितेच्या विमानस्थानात याच जातीच्या आक्षेपाचा विचार आलेला आहे: सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते, तर औषधाचे, मंत्राचे किंवा सावधगिरीचे काही प्रयोजनच उरले नसते, म्हणून दैव, म्हणजे पूर्वी केलेले कर्म, आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मातील प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर फळ अवलंबून असते, असे तेथे प्रतिपादन आहे. या न्यायाने उपचार हेही कर्मच ठरते.

आजच्या त्वचाविज्ञानाने सुश्रुताचा हा सातवा उपक्रम बारकाईने विकसित केला आहे. मुरुमांच्या दाहात त्वचेला आधार देणारे कोलॅजन हे प्रथिन नष्ट झाले की खड्डे पडतात. अरुंद व खोल, उभ्या कडांचे पसरट आणि लाटांसारखे उथळ असे त्यांचे तीन प्रकार मानले जातात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. अरुंद खड्ड्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब टेकवतात किंवा तो भाग छोट्या गोल पात्याने काढून टाकतात. लाटांसारख्या खड्ड्यांना खाली ओढून धरणारे तंतू त्वचेखाली सुई फिरवून सोडवतात, ज्याला सबसिजन म्हणतात. पसरट खड्ड्यांवर सूक्ष्म सुयांचा रोलर किंवा १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर वापरून नवे कोलॅजन तयार होण्यास चालना देतात. याउलट वर उचललेल्या, कठीण वणांत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. यांतील बहुतेक उपचारांना चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि परिणाम महिनोन्‌महिने हळूहळू दिसत राहतो.

या शास्त्राची शिस्त शेतीतील वाफशासारखी आहे. वाफसा म्हणजे जमिनीतील ओल मशागतीला योग्य असण्याची स्थिती. त्याआधी अवजार घातले तर ढेकळे होतात आणि जमीन बिघडते. त्याचप्रमाणे नवे मुरूम येणे आटोक्यात आल्यावरच खड्ड्यांना हात घालावा लागतो. महाराष्ट्रातील सावळ्या व गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी चटकन चेतवल्या जातात, त्यामुळे तीव्र लेसरने किंवा आम्लाने खड्डा उजळण्याऐवजी काळा डाग पडू शकतो. म्हणून उपचारांची तीव्रता बेताची ठेवणे आणि उन्हापासून त्वचा जपणे अनिवार्य असते. दुकानातून सल्ल्याविना घेतलेली स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ करतात आणि नवे मुरूमही उठवतात. जिल्ह्यात लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातील तरुणांनी अशा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय चेहऱ्यावर प्रयोग करू नयेत. तज्ज्ञही वण पूर्णपणे पुसण्याचे आश्वासन देत नाहीत, तो फिका करण्याचे देतात. सुश्रुताचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

मात्र ज्याचा वण राहणारच आहे, त्याच्याविषयी समाजाचे कर्तव्य काय, हा प्रश्न उपचारांनी सुटत नाही. साईसच्चरितात सांगितले आहे की, १९१० च्या दिवाळीत शिर्डीत धुनीमध्ये साईबाबांचा हात भाजला, एका लोहाराचे मूल भट्टीत पडताना वाचवण्यासाठी त्यांनी तो आगीत घातला अशी त्यामागची श्रद्धा आहे, आणि मुंबईहून आणलेल्या डॉक्टरांकडून मलमपट्टी करून घेण्याऐवजी त्यांनी कुष्ठरोगी असलेल्या भागोजी शिंदे यांच्याकडून रोज हात चोळून व बांधून घेतला. ही सेवा बाबांच्या महासमाधीपर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, चालू राहिली. ज्या माणसाच्या देहावरील खुणांमुळे लोक त्याच्यापासून दूर सरत, त्याच्याच हाती जखम सोपवण्यातला बोध उपचाराचा निषेध करत नाही. खुणेवरून माणसाची किंमत ठरवण्याचा निषेध करतो. देवी या रोगाचे वण असलेले चेहरे एकेकाळी गावोगावी होते, आणि रोगालाच मातेचे नाव देणाऱ्या समाजात त्या चेहऱ्यांनाही जागा होती. गुळगुळीत छायाचित्रांच्या आजच्या काळात तेवढी जागा मुरुमांच्या वणांनाही मिळाली पाहिजे.

यावरून निर्णय असा निघतो: वणामुळे मन कष्टी होत असेल, तर उपचार घेणे धर्म्य आहे आणि त्याला मोह म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे, परंतु केवळ इतरांच्या नजरेची भरपाई म्हणून कुणालाही उपचार घ्यायला लावणे अधर्म्य आहे. आईवडिलांनी मुलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे ते तिच्या इच्छेने, स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या धाकाने नव्हे. शेताची मशागत करायची ती ते आपल्याकडे सोपवले आहे म्हणून, आणि मशागत झाल्यावरही जो खडकाळ तुकडा उरेल, त्याच्यासह ते शेत आपले म्हणावे.