टायगर हिलवर तू नव्हतास

बस त्या खुर्चीवर. माझं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

शाळेत तुला इतिहास मी शिकवला. त्यामुळे परवा कारगिल विजय दिनाला त्याच शाळेच्या व्यासपीठावरून तू जो इतिहास पोरांना ऐकवलास, त्याचा जाब विचारायचा अधिकार मला आहे. डोक्यावर छत्रीधारी सैनिकांची मरून बेरे, अंगावर ठिपक्याठिपक्यांची नवी वर्दी, छातीवर पदकांची रांग आणि तोंडात ते वाक्य, ‘टायगर हिलवर तिरंगा रोवला तेव्हा मी तिथं होतो.’ पोरांनी टाळ्या पिटल्या. मुख्याध्यापकांनी शाल पांघरली. तू ती खुशाल पांघरून घेतलीस.

तू तिथं नव्हतास. १९९९च्या त्या उन्हाळ्यात तू आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये एसकेटी होतास, सरळ मराठीत सांगायचं तर स्टोअरकीपर. टायगर हिलपासून शेकडो कोस लांब, दारूगोळ्याच्या डेपोत. तुझी आंतरदेशीय पत्रं तुझे वडील माझ्याकडे वाचून घ्यायला आणत. त्यांत उकाड्याचं लिहिलेलं असायचं, रात्रपाळीचं असायचं, वॅगनी भरता भरता खांदे सुजल्याचं असायचं. बर्फाचं एक अक्षर नसायचं. वडील गेले म्हणून ती पत्रंही गेली, असं वाटलं का तुला?

टायगर हिलवर कोण होतं ते निदान आता तरी पाठ कर. १८ ग्रेनेडियर्स होती, ८ शीख होती. ग्रेनेडियर्सची घातक प्लाटून रात्री दोर लावून उभा कडा चढली. त्यात योगेंद्रसिंह यादव नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. अंगात गोळ्या घुसलेल्या असताना तो वर पोहोचला आणि पुढच्या बंकरवर चालून गेला. त्याचं परमवीर चक्र सुरुवातीला मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान कामी आला होता आणि हा रुग्णालयात पडून होता. दोन खऱ्या जवानांची नावं सारखी निघाली तर केवढा घोटाळा होतो बघ. तू तर नाव नसताना यादीत घुसलास.

आता ती पदकं. एकेक बोट ठेवून बोलू. हे पहिलं स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचं. १५ ऑगस्ट १९९७ला जो जो नोकरीत होता त्याला मिळालं. हे दुसरं नऊ वर्षांच्या सेवेचं, हे तिसरं वीस वर्षांच्या. ही तिन्ही तुझी, मानानं लाव. हे चौथं ऑपरेशन विजय मेडल. हेही तुझंच. पण कारगिलसाठी सरकारनं दोन वेगळी पदकं काढली, हे तुला माहीत आहे. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात तैनात होते त्यांना ऑपरेशन विजय स्टार, आणि त्या मोहिमेसाठी ज्यांना कामाला जुंपलं, सज्ज ठेवलं, अशा बाकीच्यांना मेडल. सैन्यानं स्वतःच रेघ आखून दिली होती. एका बाजूला उभं राहण्यात कमीपणा नव्हता आणि दुसऱ्या बाजूला तू नव्हतास, एवढाच तिचा अर्थ. ती रेघ तू पुसलीस.

आणि हे पाचवं? निळ्या-केशरी फितीचं? वीर चक्र कुठल्या दुकानातून आणलंस रे? कॅन्टोन्मेंटच्या बाजारात हव्या त्या पदकाची नक्कल मिळते, मला ठाऊक आहे. पण शौर्यपदक भारताच्या राजपत्रात छापून येतं, नावानिशी आणि रेजिमेंटनिशी. तुझं नाव तिथं नाही. कुणी शोधणार नाही, याच भरवशावर तू ते लावलंस.

शहिदाच्या मुलानं समारंभाला वडिलांची पदकं लावायची असतील तर कुठल्या बाजूला लावतात, सांग. उजव्या. ज्याची त्याची डावीकडे, वारसाची उजवीकडे. रक्ताच्या पोरालासुद्धा सैन्य म्हणतं, बाबा रे, लाव, पण बघणाऱ्याला कळू दे की हा पराक्रम तुझा नव्हे. बापाचा पराक्रम मुलाच्या नावावर चढत नाही. मग ना नात्याच्या ना गोत्याच्या माणसाचा तुझ्या डाव्या छातीवर कसा चढला?

कायद्याचं म्हणशील तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ वाच. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा पेहराव किंवा चिन्ह वापरणाऱ्या बिगरसैनिकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ आहे आणि ‘मी माजी सैनिक आहे’ म्हणत वकिलाकरवी तू तीतूनही निसटशील. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका पाणीपुरवठा मंडळाच्या सदस्यानं भर बैठकीत आपल्याला तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची थाप मारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१२मध्ये न्यायालयानं अशा थापेला गुन्हा ठरवणारा कायदाच घटनाबाह्य ठरवला. नुसत्या खोटं बोलण्यावर शिक्षा नको, असा निकाल. पुढच्या वर्षी नवा कायदा आला, तो पैसा किंवा दुसरा ठोस फायदा उपटण्यासाठी अशी थाप मारणाऱ्यापुरता. म्हणून तो माणूस खरा ठरला का? न्यायालयानं त्याला शिक्षेतून सोडवलं, थापेतून नाही. तुझ्याबाबतही मला कलमाशी काम नाही. मला तुझ्याशी काम आहे.

तू दुसऱ्याचं शौर्य चोरलंस, हा झाला दुसरा गुन्हा. पहिला त्याहून वाईट आहे. तू तुझ्या स्वतःच्या नोकरीला हलकी ठरवलीस. चोवीस वर्षं जे काम केलंस ते सांगायच्या लायकीचं नाही, हे सगळ्यात आधी तूच ठरवलंस.

कारगिलमध्ये आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे, बाँब आणि रॉकेट डागले. टायगर हिलवर पायदळ चढत होतं तेव्हा वरच्या शत्रूला डोकं वर काढू दिलं नाही ते या तोफांनी. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोंहून जड. तो काय द्रासच्या खडकातून उगवला? कुठल्या तरी डेपोत कुणीतरी तो मोजला, त्याचा लॉट नंबर पडताळला, फ्यूज वेगळे बांधले, चलन फाडलं, वॅगन भरली आणि सील केली. नंबर चुकला असता, भिजलेला किंवा मुदत उलटलेला माल पुढं गेला असता, तर तोफेजवळची पोरं मेली असती, नाहीतर कड्यावरची. चुकला नाही. त्या रात्रपाळ्या तुझ्या होत्या. तुझ्या पत्रांत होत्या! हे एवढं खरं खिशात असताना तू व्यासपीठावर उभा राहून, गाभ्रीच्या, खोट्याची भीक मागत होतास.

डेपोचं काम म्हणजे सावलीतली नोकरी, असं लोकांना वाटतं. वाटू दे. ३१ मे २०१६ला पुलगावच्या दारूगोळा डेपोला आग लागली. आग विझवायला जे धावले त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. दोन अधिकारी गेले, अग्निशमनचे लोक गेले. समोर शत्रू नव्हता, हातात बंदूक नव्हती. त्यांच्या घरच्यांनी काय सांगायचं लोकांना? आमचा माणूस ‘नुसता’ डेपोत होता म्हणून?

आणि मेजर रामा राघोबा राणे तुला मी वर्गात शिकवले होते, विसरलास. कारवारकडच्या चेंडिये गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट करून दिली ती त्यांनी. रस्त्यातले सुरुंग काढायचे, आडवी पाडलेली झाडं हटवायची, तुटलेल्या जागी वळणरस्ता काढायचा, आणि हे सगळं गोळीबाराखाली, जखमी असताना, दिवसचे दिवस. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्या काहींतले ते. त्यांनी कधी सांगितलं का, की मी संगिनीनं वीस जण लोळवले? त्यांना परमवीर मिळालं ते रस्ता मोकळा करण्यासाठी. आपलं जे काम होतं त्यात त्यांनी जीव ओतला. तुला दुसऱ्याचं काम हवंहवंसं वाटलं.

तू कुणाला फसवलंस तेही ऐक. दुसऱ्या रांगेत डावीकडे आपल्या तालुक्यातली एक वीरपत्नी बसली होती. पहिल्या रांगेत तू होतास. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात दोन वर्षांचं मूल होतं. तिला बोलायला मिळाली दोन मिनिटं, तुला पाऊण तास. तिच्याकडे सांगायला एक तार आणि एक पेटी होती, तुझ्याकडे मसाला होता. तुझं भाषण संपल्यावर ती उठून तुझ्या पाया पडायला आली आणि तू पाय मागे घेतले नाहीस. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुला पुन्हा पाचवीत बसवला असता.

मागच्या बाकांवर भरतीची तयारी करणारी पोरं होती. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळणारी, छाती फुगवून मोजून घेणारी. त्यांतली निम्मी उद्या कुक होतील, ड्रायव्हर होतील, क्लार्क होतील, नर्सिंग असिस्टंट होतील. सैन्य अशाच माणसांवर चालतं. तुझं ऐकून त्यांनी काय शिकायचं? की बंदुकीच्या टोकाशी उभा असेल तोच सैनिक, बाकीचे हमाल? मग तीही सुट्टीवर येऊन तुझ्यासारख्याच थापा मारतील. शिवाय वर्दी आणि पदकं बघून भुलायची सवय तू त्यांना लावलीस. उद्या असलाच पोशाख घालून एखादा एजंट ‘भरती करून देतो’ म्हणत दारात येईल, बाप जमीन गहाण टाकून लाखांनी पैसे मोजेल आणि पोरगं बनावट नियुक्तिपत्र घेऊन छावणीच्या गेटवर उभं राहील. हे होतं आहे. वर्तमानपत्र वाचत असशील तर माहीत असेल.

गावालाही मी सोडणार नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाला पारावरचा पहिला प्रश्न काय असतो? ‘किती मारले?’ कुणी विचारत नाही, की रात्रपाळीला झोप येते का, राशन कसं असतं, तिकडं तुझं काम काय असतं. ‘शून्य’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवायची आणि ‘सात’ म्हणणाऱ्याचा फ्लेक्स लावायचा. खोट्याला गिऱ्हाईक असल्यावर दुकानदार उभा राहणारच. २००३मध्ये आसामात एका कर्नलनं साध्या माणसांना जमिनीवर झोपवलं, अंगावर टोमॅटो केचप ओतलं आणि अतिरेकी मारल्याचे फोटो वर पाठवले. मेलेल्यांचे आकडे मागणारी व्यवस्था होती, त्यानं ते पुरवले. पुढं कोर्ट मार्शलनं त्याला बडतर्फीची शिक्षा दिली. मागणारे चुकले म्हणून पुरवणारा सुटला नाही. तूही ‘लोकांनाच असलं आवडतं सर’ म्हणून सुटायचं नाहीस.

खरा सैनिक कधी बोलत नाही, असं एक पालुपद आहे. मला ते मान्य नाही. बोलावं. योगेंद्रसिंह यादव पोरांसमोर त्या रात्रीचं सांगतात, ते ऐकावं. मौन म्हणजे खरेपणा आणि बडबड म्हणजे थाप, असं काही नसतं. पण बोलावं ते आपलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या गावोगावी शिळा बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले सेहेचाळीस जण परतले नाहीत. त्यांतला खंदकात कोण होता, खेचरं कोण हाकत होता, भाकऱ्या कोण भाजत होता, याची प्रतवारी लावायला कुणी बसलं नाही. गेले आणि आले नाहीत, यात सगळे आले.

आता गृहपाठ. ते पाचवं पदक काढून या टेबलावर ठेव. बेरे आणि वर्दी पेटीत जाऊ दे. घरी जाऊन तुझं डिस्चार्ज बुक काढ आणि पहिल्या पानापासून वाच. त्यात तुझा ट्रेड लिहिला आहे, पोस्टिंग लिहिल्या आहेत. बाहेरची एक ओळ मिसळायची नाही. मग त्या वीरपत्नीच्या घरी जा. तिथं भाषण करायचं नाही. जे खोटं बोललास ते सांगायचं, त्या जे म्हणतील ते उभ्यानं ऐकायचं आणि यायचं.

शनिवारी परिपाठाला शाळेत जा. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे, पंधरा मिनिटं मिळतील. पहिल्या पाच मिनिटांत कबुली. उरलेल्या दहा मिनिटांत एक तोफगोळा डेपोच्या शेडमधून द्रासच्या तोफेपर्यंत कसा पोहोचतो ते पोरांना सांग. फळा वापर, आकृती काढ. ते तुझ्याइतकं या तालुक्यात कुणालाच येत नाही.

शनिवारी तू आला नाहीस तर तुझ्या जागी मी उभा राहीन. कबुलीची पाच मिनिटं मला तोंडपाठ आहेत. पुढची दहा मला येत नाहीत, त्यामुळे पोरांना तुझं फक्त खोटं तेवढं कळेल.