उणीव आणि अडवणूक

महाविद्यालयीन समाजसेवेवर सध्या जी चर्चा चालू आहे, ती दोनच प्रश्नांभोवती घुटमळते. सेवेला गुण द्यावेत की नाहीत, हा पहिला. सेवेने विद्यार्थी संवेदनशील होतो का, हा दुसरा. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून सुरू केली, आणि इंटर्नशिप, फील्ड प्रोजेक्ट यांच्या जोडीला ‘सामुदायिक जुडाव’ हाही पदवीच्या अभ्यासक्रमाचा, क्रेडिट मिळवून देणारा भाग झाला. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला जोर आला आहे. गुणांसाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असे काही जण म्हणतात. त्यांना एवढेच विचारावे, की गुणांसाठी वाचलेला इतिहास हा इतिहास नसतो काय?

दुसरा प्रश्न इतक्यात मिटत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांनी ‘होय’ असे आधीच देऊन ठेवले आहे. चर्चासत्रात प्राध्यापक तेच सांगतात, अहवालात कार्यक्रम अधिकारी तेच लिहितात आणि निबंधात विद्यार्थी तेच उतरवतात. शिबिराला गेलो, गरिबी जवळून पाहिली, मन हेलावले, समाजाचे ऋण कळले. वंचितांशी संपर्क आला की संवेदना जागी होते आणि संवेदना जागी झाली की सामाजिक न्यायाची समज मागोमाग येते, अशी ही साखळी आहे. मला तिचे दोन्ही दुवे कच्चे वाटतात.

मी ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत वाढले. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. फौजेमागून आलेल्या कारकून, शिक्षक, भिक्षुक, गवयांची आम्ही पतवंडे-खापरपतवंडे. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. आपण इथे द्यायला आलो आहोत, ही आमच्या घरांतली समजूत मात्र शाबूत राहिली. समाजसेवेला आमच्याकडे मान आहे, राजकारणाला नाही. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म याच छावनीतला, म्हणजे वस्तीने देशाला पंतप्रधान दिला. तरीही घरातल्या मुलीने शिबिराला जावे, मोर्चाला जाऊ नये, हा नियम कायम आहे. शिबिर आणि मोर्चा यांत हा जो फरक आमची वडीलधारी माणसे नेमका ओळखतात, तो आमच्या अभ्यासक्रमाला ओळखता येत नाही. माझा मुद्दा तो आहे.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम, दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर आणि ‘मी नव्हे, तू’ हे ब्रीद. शिबिराच्या उद्घाटनात, वक्ता मराठी असला तर, फुले, विठ्ठल रामजी शिंदे, गोखले, साने गुरुजी, बाबा आमटे ही नावे एका दमात घेतली जातात. ही वंशावळ सर्वांना पाठ आहे, ती इथे उगाळत नाही. पण या सगळ्यांनी एकच काम केले, असे त्या भाषणांतून वाटते आणि ते खरे नाही. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी अस्पृश्यांसाठी वेगळा हौद बांधून दिला असता, तरी पाणी तेवढेच मिळाले असते. मग फरक कशात पडला?

एका शिबिरात आमच्याकडे गाव-सर्वेक्षणाचे छापील फॉर्म होते. त्यात ‘पेयजल का स्रोत’ असा रकाना होता आणि पुढे चार चौकटी: नल, हैंडपंप, कुआँ, अन्य. गावाच्या टोकाच्या एका घरी मी विचारले. घरातल्या बाई म्हणाल्या, हैंडपंप. मी खूण केली. बाई बादली घेऊन निघाल्या तशी मीही त्यांच्याबरोबर चालत गेले. पंपावर दोघी जणी पाणी भरत होत्या. बाईंनी बादली ओट्याच्या खाली ठेवली आणि त्या जरा लांब उभ्या राहिल्या. त्या दोघी गेल्या, तेवढ्यात तिसरी आली, तिनेही आधी भरून घेतले. मग बाईंचा नंबर लागला. त्यांच्यानंतर जी आली, तिने आधी पंपाच्या दांड्यावर पाणी ओतले आणि मगच हात लावला. कोणी कोणाला काही बोलले नाही. आवाज चढला नाही. माझ्या फॉर्मवरची खूणही चुकीची नव्हती. स्रोत हैंडपंपच होता. गावात पाण्याची टंचाई नसून पाणी वाचवण्याबाबत जनजागृतीची गरज आहे, असा निष्कर्ष संध्याकाळी निघाला. दुसऱ्या दिवशीची प्रभातफेरी ‘जल है तो कल है’ अशी घोषणा देत त्याच पंपावरून गेली.

त्या फॉर्मला उणीव दिसत होती. अडवणूक टिपायला त्यात जागाच नव्हती. पाणी आहे की नाही, हा उणिवेचा प्रश्न. असलेल्या पाण्यापाशी कोण कोणाला थांबवते, हा अडवणुकीचा. उणीव भरून काढायला देणारा लागतो. अडवणूक दूर करायची तर अडवणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. सेवा आणि न्याय यांच्यातला फरक मला एवढाच वाटतो, आणि एवढा पुरेसा आहे.

हा वाद नवा नाही. पुणे करारानंतर लगेच, १९३२ मध्ये, पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेलेली संस्था निघाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, ज्यांच्या गिरणीमुळे आमच्या शहरात बिर्लानगर वसले, सरचिटणीस ठक्करबाप्पा. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोटीवरून ठक्करबाप्पांना एक लांबलचक पत्र लिहिले. कामाचे दोन मार्ग आहेत, असे त्यांनी त्यात मांडले. एक मार्ग माणसाला सुधारण्याचा: दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा. दुसरा मार्ग त्याच्या भोवतालच्या परिस्थितीला हात घालण्याचा. संघाने दुसरा मार्ग धरावा, गावविहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा हक्क बजावून घेण्यासाठी झटावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याने गावागावांत तंटे होतील, डोकीही फुटतील, हे त्यांनी लपवले नाही. संघाने पुढे शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, आणि विहिरीही खोदल्या, पुष्कळदा वेगळ्या. वेगळ्या विहिरीने तहान भागली, हे मी नाकारत नाही. पण गावातली जुनी विहीर होती तशीच राहिली आणि तिच्या काठावरची माणसेही.

आता पुन्हा संवेदनेकडे. संपर्काने संवेदना जागते, हे पहिले गृहीतक. यात असे धरलेले आहे, की आपल्याकडचा अन्याय दुराव्यातून जन्मला. माझा अनुभव उलटा आहे. लष्करातल्या कितीतरी घरांत धुणीभांडी करणारी बाई रोज येते. तिच्या मुलीचे लग्न, नवऱ्याचे दुखणे, सगळे घरात माहीत असते. दिवाळीला साडी दिली जाते, अडीनडीला पैसेही. तिचा कप मात्र मोरीजवळच्या खिडकीत वेगळा पालथा ठेवलेला असतो. या घरांत संपर्क कमी आहे, असे कोण म्हणेल? संवेदनाही कमी नाही. कप जागचा हललेला नाही. जातीची व्यवस्था माणसांना नुसती लांब ठेवून चालत नाही. जवळ ठेवून, रोजच्या व्यवहारात पायरी दाखवून चालते. सात दिवसांच्या जवळिकीने जे बदलेल म्हणता, ते पिढ्यान् पिढ्यांच्या जवळिकीने का बदलले नाही, याचे उत्तर संवेदनावाद्यांनी एकदा द्यावे.

दुसरा दुवा याहून कच्चा आहे. संवेदनेला दुःखी माणूस आवडतो, भांडणारा आवडत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध २ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला, तेव्हा ग्वाल्हेर, भिंड, मुरैना पेटले. गोळीबारात माणसे मेली, संचारबंदी लागली. त्या दिवसांत शहरातल्या दिवाणखान्यांत ‘यांना इतके दिले, तरी’ हे वाक्य मी अशा तोंडांतूनही ऐकले, जी वस्तीत वह्या वाटायला दरवर्षी जातात. ती माणसे ढोंगी नव्हती. ज्याला आपण देतो तोच मागू लागला की दया आटते, हा दयेचा स्वभावच आहे. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसवावा की नाही, यावरून खुद्द वकिलांत दोन तट पडले. त्या वादात कोणीच उपाशी नव्हते, कोणाला काही वाटायचे नव्हते. म्हणून सेवाभावाला तिथे करण्यासारखे काही नव्हते. न्यायाचा प्रश्न मात्र तिथे पुरेपूर होता.

संवेदनावाद्यांचे ठेवणीतले उत्तर मला ठाऊक आहे. संवेदना ही सुरुवात आहे, न्याय त्यापुढची पायरी, असे ते म्हणतात. पण पंपाजवळ उभ्या असलेल्या बाईंकडे पाहून मला कितीही भरून आले असते, तरी त्या भरून येण्यातून राज्यघटनेचे पंधरावे कलम कळले नसते. त्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. सार्वजनिक पाण्यापासून कोणाला अस्पृश्य म्हणून रोखणे हा १९५५ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे जो रकाना घटनाकारांना सुचला आणि संसदेने शिक्षेसकट छापला, तो आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मला सुचला नाही. हा माहितीचा आणि प्रश्न विचारण्याच्या सवयीचा भाग आहे. मनाच्या कोवळेपणाचा नाही. उलट संवेदनेवर भर दिला की विद्यार्थ्याची नजर स्वतःकडे वळते. ब्रीद ‘मी नव्हे, तू’, आणि अहवालाची सुरुवात ‘या शिबिराने मला’ अशी. गाव त्यात निमित्तापुरते उरते.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. शिबिराला शाळेच्या खोल्या, वीज, पाण्याचा टँकर मिळतो तो सरपंचाच्या किंवा गावातल्या वजनदार घरांच्या कृपेने. उद्घाटनाला तेच मंचावर असतात, समारोपाला शाल त्यांनाच. अडवणारे आणि यजमान हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. मग बौद्धिक सत्रात व्यसनमुक्तीवर भाषण होते, पंपावर होत नाही. यात कार्यक्रम अधिकाऱ्याला दोष देऊन भागणार नाही; पुढच्या वर्षीचे शिबिर त्याला भरवायचेच असते.

सेवा म्हणजे व्यवस्थेने टाकलेला तुकडा, असे म्हणणारेही आहेत. श्योपूरच्या कुपोषित सहरिया आदिवासी मुलासमोर उभे राहून त्यांनी हे वाक्य पूर्ण करून दाखवावे. भुकेल्याला आधी जेवण लागते, विश्लेषण नंतर. शिवाय चंबळचा दाखला माझ्याच म्हणण्याला मुरड घालतो. मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्यात एस. एन. सुब्बरावांनी १९७० मध्ये गांधी सेवा आश्रम उभा केला, देशभरचे तरुण गोळा करून श्रमाची शिबिरे भरवली. १९७२ च्या एप्रिलमध्ये तिथेच जयप्रकाश नारायणांसमोर बागींनी, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांनी, बंदुका ठेवल्या. त्या बागींच्या पुनर्वसनाच्या कामात पी. व्ही. राजगोपाल नावाचा तरुण घडला. त्याने पुढे एकता परिषद काढली आणि २००७ व २०१२ मध्ये हजारो भूमिहीनांना घेऊन याच ग्वाल्हेरहून दिल्लीच्या दिशेने पदयात्रा काढल्या. शिबिरातून मोर्चा निघू शकतो, हे मला मान्य आहे. पण तो निघाला कशाने? या प्रदेशातल्या खेड्यांत फिरणाऱ्याला पट्टा आणि कब्जा हे दोन शब्द फार लवकर कळतात. या शतकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने चरनोई, म्हणजे गुरचरण, जमिनीचे पट्टे दलित-आदिवासींना वाटले. कागद मिळाला, नावही चढले. कित्येक ठिकाणी नांगर मात्र दुसऱ्याचाच चालत राहिला. तिथे उणीव सरकारदरबारी भरून निघाली होती. अडवणूक शेताच्या बांधावर उभी होती. हे पाहणाऱ्याला मोर्चाकडे जावेच लागते, मग त्याचे मन हळवे असो वा नसो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सेवेचे तास वाढवू नका, निबंधही वाढवू नका. सर्वेक्षणाच्या प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना वाढवा: ‘आहे’ असे उत्तर आले तर ते सगळ्यांना सारखे मिळते का, आणि नसेल तर कोण अडवते? शाळा, रेशन दुकान, अंगणवाडी, स्मशान, पंप, प्रत्येकापुढे. आणि तोच फॉर्म आधी आपल्या महाविद्यालयात, वसतिगृहात आणि घरी भरून आणायला सांगा, म्हणजे अडवणूक फक्त खेड्यात राहते हा भ्रम उरणार नाही. असा रकाना छापला तर काही गावे पुढच्या वर्षी शिबिराला जागा देणार नाहीत, हे उघड आहे. न देवोत. नकार कोणी दिला आणि कोणत्या प्रश्नावर दिला, हीसुद्धा विद्यार्थ्याने लिहून ठेवण्याजोगी माहिती आहे. कदाचित त्या वर्षीची सगळ्यात मोलाची. ज्या शिबिराच्या समारोपाला गावातला एकही माणूस नाराज नसतो, तिथे मुलांनी रस्ता केला असेल, झाडे लावली असतील, गाणी म्हटली असतील, आणि ते सगळे चांगलेच आहे. त्याला सामाजिक न्यायाचे शिक्षण तेवढे म्हणू नये.