बापाचं देणं, बापाचा गुन्हा

1974 साली आलेल्या ‘तंगपदक्कम’ या तमिळ चित्रपटात शिवाजी गणेशन यांनी चौधरी नावाचा पोलीस अधिकारी उभा केला. घरादारापेक्षा कायदा मोठा मानणारा माणूस. त्याचा मुलगा जगन बापाच्या शिस्तीचा सल मनात धरून वाढतो, गुन्हेगारीत उतरतो आणि अखेर देशाशीच दगा करायला निघतो. बाप त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालतो. आठ वर्षांनी रमेश सिप्पी यांच्या ‘शक्ती’त दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन यांनी जवळपास हाच पेच हिंदीत मांडला, तो मराठी प्रेक्षकांना तोंडपाठ आहे.

गणेशन यांच्या नावामागचा ‘शिवाजी’ आला तो अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर, आणि तो दिला पेरियार यांनी. मराठी रंगभूमीवर वसंत कानेटकरांनी 1962 मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहून खुद्द छत्रपतींच्याच घरातला बापलेकाचा संघर्ष मांडला होता. डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले, पुढच्या वर्षी परतले. महाराजांनी पन्हाळ्यावर त्यांची भेट घेतली, समजूत घातली. पडद्यावरच्या चौधरीने बंदूक उचलली. इतिहासातल्या बापाने मुलासाठी दार उघडं ठेवलं.

असे चित्रपट बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतात: गुन्हेगार मुलाचं बापाने काय करावं? त्याच्या तळाशी मात्र एक जुना धार्मिक प्रश्न आहे. रक्ताचं नातं आहे म्हणून एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो का? बीड जिल्ह्यात हा प्रश्न पोथीतला राहत नाही.

अंबाजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. गीतार्णवासारखा अफाट ग्रंथ लिहिणारे, लांबलचक कापडी पासोडीवर आकृत्या काढून पंचीकरण समजावणारे हे दत्तभक्त कवी (1551–1615). त्यांच्या गावात त्यांची दोन देवघरं आहेत, थोरलं आणि धाकटं. त्यांच्या चरित्रातली पहिली मोठी घटना मात्र एका ओलिसाची आहे. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, वसूल थकला. दरबाराने त्यांचा पोरगाच ठेवून घेतला आणि महिन्याची मुदत दिली. रक्कम भरली नाही तर मुलाचा धर्म बदलला जाईल, अशी अट घातली. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार असं नाव सांगणारा एक माणूस आला, पैसे मोजून दिले आणि निघून गेला. तो साक्षात दत्तात्रेय होता, अशी भक्तांची श्रद्धा आहे.

या कथेत चमत्काराइतकीच दरबाराची रीतही पाहण्यासारखी आहे. वसूल थकला बापाकडून. तोही चोरीने नाही, पाऊस न झाल्याने. आणि दाव्याला बांधलं गेलं पोराला. घरी आलेल्या त्या मुलाचं मन पुढे संसारात रमलं नाही. तो घर सोडून माहूरला तपाला गेला आणि नंतर अंबाजोगाईला स्थिरावला. बापाचं देणं ज्याने फेडलं, त्याचा तो जन्मभराचा देणेकरी झाला, असा या चरित्राचा अर्थ लावता येतो.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पलीकडच्या पैठण तालुक्यातलं आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. शास्त्र्यांच्या लेखी हा गुन्हा होता. संतचरित्रं सांगतात की त्यांनी आणि रुक्मिणीबाईंनी प्रायश्चित्त म्हणून देह नदीला वाहिला, तरी चार लेकरांचा बहिष्कार सुटला नाही. त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं. ज्यांच्यापुढे आज सारा महाराष्ट्र माथा टेकवतो, ती मुलं त्या काळी बापाच्या दोषाचे वारस ठरली होती. धर्माच्या नावाने झालेला हा अन्याय होता, आणि तो तसाच म्हणायला हवा.

कारण धर्मपरंपरेतच त्याच्या विरुद्ध साक्ष आहे. वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात आजीच्या मांडीवर ऐकली जाते. वाटसरू मारून तो रांजणांत खडे टाकत होता. ‘या पापाचे वाटेकरी कोण?’ असं नारदाने विचारलं तेव्हा तो घरी धावला. बायको, मुलं, सगळ्यांनी हात झटकले. गोष्ट सांगताना आपण घरच्यांच्या स्वार्थावर बोट ठेवतो. पण नीट ऐकलं तर ते खरं तेच बोलत होते: कर्म ज्याचं त्याचं. ते ऐकल्यावरच वाल्याला स्वतःकडे पाहणं भाग पडलं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळता येत नाही. वाल्याच्या घरच्यांनी लुटीचं अन्न खाल्लं होतं. मग ते अगदीच निर्दोष कसे? मणिरत्नम यांच्या 2018 च्या ‘चेक्का चिवंत वानम’मध्ये सेनापती नावाच्या टोळीप्रमुखावर हल्ला होतो, त्याची तीन मुलं गादीसाठी एकमेकांवर उठतात, आणि हल्ल्यामागे थोरला मुलगाच असल्याचं उघड होतं. या मुलांना बापाच्या पापातून सूट देता येणार नाही. पण त्याचं कारण त्यांचं रक्त नाही. त्यांनी जाणत्या वयात, डोळे उघडे ठेवून, ती गादी हवी म्हटली. पानात वाढलेली भाकरी खाणारं लेकरू आणि बापाची बंदूक मागून घेणारा तरणा मुलगा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

जुन्या धर्मशास्त्रकारांनाही हा भेद कळला होता. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ती टीका आहे, त्या स्मृतीत बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं कर्तव्य आहे. मात्र दारू, बाईबाजी, जुगार यांपायी झालेलं कर्ज आणि बापाचा राहिलेला दंड मुलाने देऊ नये, असंही तिथे स्पष्ट आहे. व्यवहाराचं देणं वारशाने येतं, दुर्वर्तनाचं येत नाही. पितृऋणाला पवित्र मानणाऱ्या परंपरेनेच ही हद्द आखली. पुढे 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं: केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडे वसुली मागता येत नाही. जमीन वारसाकडे आली तर सातबाऱ्यावरचा बोजा तिच्याबरोबर येतो, तो भाग निराळा.

कायदा इथवर आला, पण गावचा व्यवहार अजून बिदरच्या दरबारातच अडकलेला दिसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादम आधीच उचल देतो. दुष्काळ, आजारपण, लेकीचं लग्न, कशापायी तरी ती घेतलेली असते. हंगाम संपताना हिशेबात उचल फिटली नाही, तर ती पुढच्या सालावर चढते. बाप थकला की पोरगा कोयता हातात घेतो. उचलीपायी मजुराला किंवा त्याच्या घरच्या माणसाला डांबून ठेवल्याच्या बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात. दासोपंतांच्या काळात पैसे मोजायला दत्ताजी पाडेवार आला होता. या पोरांसाठी कोण येणार?

गुन्ह्याच्या बाबतीत तर स्थिती याहून कठोर आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला. तरीही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली झडती होते आणि बापावर संशय असला की पोरगाही उचलला जातो, ही तक्रार थांबलेली नाही.

9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. हत्या भयंकर होती आणि दोषींना शिक्षा व्हायलाच हवी. पण काही दिवसांतच बोलणं आरोपींवरून त्यांच्या जातीवर आणि आडनावांवर गेलं. पुढे 2025 मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी आपल्या खात्यातल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, फक्त नाव ठेवलं. आडनाव बापाकडून येतं. ते वाचून माणसाचा न्याय होऊ नये म्हणून पोलीस खात्याला पाट्या बदलाव्या लागल्या, इतकी ही सवय खोल गेली आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना आणली आहे. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, असा तिचा आराखडा आहे. ती सगळी उभी राहावीत, चालावीत, आणि उचलीचा करार लेखी व्हावा, ज्याने पैसे घेतले त्याच्यापुरताच असावा, याचा आग्रह गावातल्या शिकल्यासवरल्यांनी ग्रामसभेत धरावा. आपल्या वर्गात, आपल्या दुकानात, आपल्या कचेरीत एखाद्या आरोपीचा मुलगा आला, तर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी.