पिशवीचे पुण्य

आपल्याकडे छंदाला काहीतरी निमित्त लागते. नुसते गाणे ऐकत बसलेल्या माणसाला घरातली वडील मंडळी हटकून विचारतात, "काही काम नाही वाटते?" तोच माणूस गाणे ऐकता ऐकता भुईमुगाच्या शेंगा सोलीत असेल, तर त्याला कोणी काही म्हणत नाही. बायकांच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक आहे. विणकाम, भरतकाम, शिवणकाम हे आमचे छंद म्हणून घरोघर मान्य झाले ते त्यांत आनंद आहे म्हणून नव्हे. त्यांतून शेवटी एखादी वस्तू निघते म्हणून. आनंदाला आमच्या घरात पुढच्या दाराने यायला संकोच वाटतो. तो उपयोगाचा हात धरून मागच्या दाराने येतो.

मी गेली काही वर्षे घरी कापडी पिशव्या शिवते. वह्यांचा गठ्ठा तपासून झाला, किंवा कादंबरीतले एखादे प्रकरण अडून बसले, की मी मशीन उघडते. बाजाराच्या पिशव्या, कडधान्यांसाठी नाडीच्या पिशव्या, कोथिंबीर ठेवायला मलमलीच्या, चष्म्याचे घर, दारामागे टांगायचा खिशांचा पडदा असा तो संसार आहे. घरी येणारे पाहतात आणि म्हणतात, "फार चांगले करता हो बाई! तेवढेच प्लॅस्टिक कमी." म्हणजे माझ्या फावल्या वेळाच्या सुखावर ते पुण्याचा शिक्का मारतात. शिक्का फुकट मिळतो आहे, आणि नाकारला तर विनयाचा आव आणल्यासारखे दिसते. तरी मला प्रश्न पडतो, की हे पुण्य माझे आहे काय? असेल तर ते नेमके कुठे घडते? मशीनवर, की आणखी कुठे?

प्रथम सुखाविषयी खरे बोलावे. पिशवी शिवण्यात जे सुख आहे त्याचा पर्यावरणाशी काही संबंध नाही. कोरा मांजरपाट आधी रात्रभर भिजत घालावा, कारण तो आटतो. वाळल्यावर इस्त्री करून खडूने आखावा. मग कातर चालवावी. कातरीचा तो सलग करकर आवाजच मनाला बरा वाटतो. शिवण आधी सुलट बाजूने घालून, मग पिशवी उलटवून दुसऱ्यांदा घातली, म्हणजे कापडाचे सुटे दोरे आतल्या आत बंद होतात. तळाचे दोन कोपरे तिरके शिवले की सपाट कापडाला एकदम बूड येते आणि पिशवी उभी राहते. बंद जिथे जोडायचे तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी लागते. नाहीतर पाच किलो बटाट्यांचा भार एकाच ओळीवर येऊन बंद उसवतो. हे सगळे दोन तासांत होते आणि दोन तासांच्या शेवटी एक गोष्ट पूर्ण झालेली असते. कादंबरी लिहिणाऱ्याला आणि मुलांना शिकवणाऱ्याला हे सुख परके आहे. कादंबरी पुरी झाली असे कधी वाटत नाही आणि शिकवलेले किती रुजले ते वीस वर्षांनी कळते. पिशवी मात्र पुरी होते. तिच्यात नारळ घालून पाहता येतो.

हे सुख निर्मळ आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण सुख म्हणजे पुण्य नव्हे.

आपल्या जुन्या पिशव्या आठवून पाहाव्या. किती नावे आहेत! पानसुपारीची चंची, नाडी ओढून तोंड बंद करायचा बटवा, कमरेला पैशांचा कसा, खांद्यावर दोन्हीकडे लोंबणारी पडशी, मागणाऱ्याची झोळी. अलीकडच्या काळात तिला शबनम येऊन मिळाली. साठ-सत्तरच्या दशकांत ती खांद्याला दिसली की माणसाची मते विचारावी लागत नसत. मुलांच्या पाठीवरचे दप्तर हाही शब्द मूळचा कचेरीतला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद बांधणाऱ्या त्या दप्तराचे नाव आज पाटी-पुस्तकांच्या पिशवीकडे आले. या सगळ्या नावांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक नावाच्या मागे कोणी वाहणारा आहे आणि वाहायचे काही ठरलेले आहे. आधी ओझे, मग पिशवी, असा तो क्रम होता. कापडही तिच्यासाठी नवे येत नसे. लुगडे नेसून विरले म्हणजे गोधडीत जाई, धोतर विरले म्हणजे चक्का टांगायच्या फडक्यात जाई. घरात कापडाचा मृत्यू फार सावकाश होई.

छंदात हा क्रम उलटतो. आधी कापड आवडते. मग त्याची पिशवी होते. मग तिच्यात काय ठेवायचे याचा विचार सुरू होतो. खणाचा एक सुरेख तुकडा हाती आला, त्याची छोटी थैली शिवली, की तिच्यासाठी घरात काहीतरी शोधावे लागते. खिशांच्या पडद्याचे तर मी पाहिलेच आहे. बारा खिसे शिवले, तर बारा खिशांपुरत्या वस्तू घरात आपोआप जमतात. जुनी बिले, बंद पडलेली पेने, कुठल्यातरी कुलपाच्या किल्ल्या. या वस्तूंना जागा नव्हती तोवर त्या टाकल्या जात होत्या. जागा झाली आणि त्या राहिल्या. साठवणीची सोय ही संग्रहाची आई आहे. नीटनेटकेपणा हा चांगला गुण खरा, पण अनावश्यक वस्तूला नीटनेटके घर बांधून देणे हा त्याचाच एक अवगुण आहे.

शिवण्याच्या यंत्राविषयी गांधीजींनी काढलेले उद्गार या संदर्भात आठवतात. १९२४ साली रामचंद्रन् नावाच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. जगात जी थोडीशी उपयोगी यंत्रे निघाली त्यांत त्यांनी ते धरले, आणि कारण असे सांगितले, की सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालताना शिणलेली पाहिले आणि केवळ प्रेमापोटी ते यंत्र घडवले. गोष्ट गोड आहे. इतिहास मात्र इतका गोड नाही. एलायस हाऊ याने अशा यंत्राचे पेटंट १८४६ साली घेतले होते. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ चे. पुढे दोघांत कोर्टकचेरी झाली आणि तीत हाऊची सरशी झाली. सिंगरचा संसारही एका बायकोपाशी थांबलेला नव्हता. त्याची अनेक बिऱ्हाडे चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहेत.

मग गांधीजींचा अपवाद चुकला काय? मला तसे वाटत नाही. यंत्र प्रेमातून निघाले की पैशाच्या हव्यासातून, यावर त्याची योग्यता अवलंबून नव्हती. ज्या बाईची बोटे सुईने चाळण झाली होती तिचे कष्ट त्याने कमी केले, एवढ्यावर ती सिद्ध होते. परंतु उपयोगी वस्तूच्या मुळाशी सद्हेतू असावा, अशी आपल्या मनाची ओढ असते. माझ्या पिशवीला 'प्लॅस्टिक कमी करणारी' म्हणणारे लोकही तेच करतात. वस्तू पाहून ते हेतूला पुण्य चिकटवतात. खरा हिशेब हेतूपाशी नसतो. तो वस्तू पुढे काय करते तिथे असतो.

तो हिशेब आता आकड्यांतही मांडता येतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुरात गटारे तुंबवायला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही हातभार लागला होता, हे पुढे पुष्कळ चर्चिले गेले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर बंदी आली. कापडी पिशवीचा मान वाढला तो त्यामुळे. पण कापूस काही आभाळातून पडत नाही. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०००० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. खत, फवारणी, सूत, रंग यांचा खर्च निराळा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ साली काढलेल्या अहवालात असा हिशेब आहे, की पातळ प्लॅस्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असे धरले, तरी हवामानावरच्या भाराच्या दृष्टीने तिची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. प्लॅस्टिकची पिशवी गटारात, समुद्रात आणि गाईच्या पोटात जो अनर्थ करते तो या आकड्यात आलेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही १३१ हा आकडा शिवणाऱ्याने मशीनवर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

आठवड्यातून दोनदा बाजार धरला, तर एकच पिशवी वापरणाऱ्या घरी १३१ फेऱ्या सव्वा वर्षात होतात. हे काही अवघड नाही. पण त्याच घरी हौसेने शिवलेल्या, भेट आलेल्या, समारंभात मिळालेल्या अशा पंचवीस पिशव्या असतील, तर एकेकीची पाळी वर्षातून चारदाच येईल आणि १३१ भरायला एकतीस-बत्तीस वर्षे लागतील. पिशवी तीच, शिवण तीच. पण पहिल्या घरी तिने कर्ज फेडले आणि दुसऱ्या घरी ती व्याज वाढवीत खुंटीला लटकली आहे. विरलेल्या साडीच्या किंवा उसवलेल्या पडद्याच्या पिशवीवर हे कर्ज जवळजवळ नसतेच; ते त्या कापडाने पहिल्या जन्मात फेडलेले असते. आमच्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. विरलेले कापड टाकवत नव्हते एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि तेवढे ज्ञान पुरेसे होते.

आणखी एक बाजू आहे, ती माणसांची. आमच्या आळीत एक काकू शिवणकामावर घर चालवतात. साडीला फॉल, परकराला नेफा, दुकानांच्या पिशव्या, जे येईल ते. मागे संक्रांतीच्या आधी एक ओळखीच्या बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्हांला छंदच आहे. हळदीकुंकवाच्या वाणाला पन्नास पिशव्या शिवून द्याल का? कापडाचे पैसे मी देते."

मी म्हटले, "पन्नास हव्या असतील तर काकूंकडे जा."

"पण त्या शिलाई घेतात!"

"घेणारच. त्यांचे ते पोट आहे."

बाईंना हे जरा लागले असावे. पण मला वाटते, छंदाची हद्द इथेच आखली पाहिजे. माझा पगार शाळेतून येतो, म्हणून मला टाके फुकट घालणे परवडते. माझ्या फुकटच्या पन्नास पिशव्यांनी काकूंची चार दिवसांची मजुरी बुडाली असती, आणि वर गावाने मला उदार म्हटले असते. सुई हे कित्येकांचे पोट आहे. नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले. गुरू ग्रंथसाहेबातल्या त्यांच्या एका पदात गज, कातर, सुई आणि दोरा हे घरचे सगळे साहित्य त्यांनी भक्तीच्या कामाला लावले आहे. हौशी माणसाने त्या साहित्याला हात घालताना एवढे भान ठेवावे, की आपण दुसऱ्याच्या उपजीविकेच्या अंगणात खेळतो आहोत. खेळायला हरकत नाही. पीक तुडवू नये.

कोणी म्हणेल, इतका काथ्याकूट केला तर माणूस मशीनला हातच लावणार नाही. प्रत्येक टाक्याला नीतीचा जाब विचारायचा म्हणजे छंदाचा जीवच गेला. हा आक्षेप खोटा नाही. पण मला उलट अनुभव येतो. सुखाला सुख म्हटले आणि त्याच्या डोक्यावरचे पुण्याचे गाठोडे उतरवले, की ते हलके होते. दोन तास शिवताना मला आनंद झाला. त्याचा हिशेब त्याच संध्याकाळी मिटला. त्यासाठी मी पृथ्वी वाचवली असे मला सांगावे लागत नाही आणि कोणी तसे म्हटले तर ओशाळावेही लागत नाही. मात्र सुखासाठी पिशवी शिवायची असेल, तर घरातले जुने कापड उसवूनही तेवढेच सुख मिळते. हाताला नव्या-जुन्याचा भेद कळत नाही. तो डोळ्यांना कळतो.

पुण्याचा हिशेब निराळा आणि तो शिवणाऱ्याच्या हाती फारसा नाही. पिशवी बाहेर पडताना विसरली नाही, भाजीवाल्यापुढे उघडली, मातीने मळली, धुतली, वाळली, पुन्हा दाराजवळच्या खुंटीला लागली, या रोजच्या बिनकौतुकाच्या घडामोडींत ते थेंबाथेंबाने साचते. शिवणारी एक आणि वाहणारी दुसरी असेल, तर पुण्य वाहणारीचे आहे. तिला ते कोणी सांगत नाही. कौतुक होते ते शिवण नाजूक होती म्हणून शिवणारीचे. हा अन्याय लहानसा आहे, पण तो पिशवीपुरता थांबत नाही. मंदिर बांधणाऱ्याचे नाव दगडात कोरतात आणि रोज झाडणारीचे नाव कोणाला ठाऊक नसते.

म्हणून कापडाला कातर लावण्यापूर्वी मी दोनच प्रश्न विचारते: ही कोणाच्या हातात जाणार, आणि तो हात तिच्यात काय वाहणार? दोन्हींची उत्तरे मिळाली तर शिवते. पहिल्याचे मिळाले आणि दुसऱ्याचे नाही, तर त्या माणसाला आधी विचारते. दोन्हींची नाहीत आणि शिवावेसे तर फार वाटते, अशा दिवशी घरातली एखादी उसवलेली पिशवी काढून तिचे बंद पुन्हा पक्के करते. त्या कामाला दाद मिळत नाही, कारण नवे काही झालेले नसते. पण दुसऱ्या दिवशी ती पिशवी बाजारात जाते.