रकान्यातला माणूस

समलिंगी पुरुषाशी भारतात सरकारचा संबंध सव्वाशे वर्षे एकाच खात्यामार्फत येत होता. ते खाते पोलिसांचे. 1860 च्या दंडविधानातले कलम 377 हा त्याचा आधार. या कलमाखाली खटले फारसे चालले नाहीत, आणि तशी गरजही नव्हती. बागेत किंवा स्टेशनच्या मुतारीत पकडलेल्या माणसाला ‘घरी कळवू का?’ एवढे विचारले की खिसा रिकामा होत असे. 1986 नंतर दुसरे एक खाते याच माणसाच्या मागे आले. ते आरोग्याचे. त्याला पकडायचे नव्हते, पण त्याला शोधल्याशिवाय एड्सची साथ आवरणार नव्हती. या शोधाने मुंबईत जे घडले, ते मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या डहाणूत आणि त्यापलीकडच्या तलासरीत तसेच घडले नाही.

साथीचा पहिला वृत्तान्त अमेरिकेतला, 5 जून 1981 चा. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना एरवी क्वचित दिसणारा न्यूमोनिया झाल्याचे त्यात नोंदले होते. सुरुवातीला आजाराच्या नावातच ‘समलिंगी’ हा शब्द घातला गेला. 1982 मध्ये ‘एड्स’ हे नाव रूढ झाले, शिक्का मात्र पुसला गेला नाही. घरच्यांनी टाकलेले रुग्ण, दवाखान्यात शेवटच्या घडीला बाहेर उभा केलेला जोडीदार, अंत्यविधीला नकार देणारे लोक, हे सगळे तिथे झाले. त्या संतापातूनच 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ॲक्ट अप’ ही रस्त्यावरची चळवळ उभी राहिली. औषधांच्या चाचण्या लवकर व्हाव्यात, किमती उतराव्यात यासाठी रुग्णांनीच सरकार आणि कंपन्यांना जाब विचारला. समलिंगी जोडप्यांच्या कायदेशीर हक्कांची मागणी पुढे जी धारदार झाली, तिला दवाखान्यातले हे अनुभव कारण होते.

भारतात चित्र वेगळे उमटले. 1986 मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तपासलेल्या नमुन्यांत सहा स्त्रियांच्या रक्तात विषाणू आढळला. त्या सहाही जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यामुळे इथे एड्स ठरला ‘तसल्या बायकां’चा, ट्रकवाल्यांचा आणि परदेशी लोकांचा रोग. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख ए. एस. पेंटल यांनी 1988 मध्ये भारतीयांनी परकीयांशी शरीरसंबंध ठेवण्यावर कायद्याने बंदी घालावी असे सुचवले होते, यावरून त्या काळच्या समजुतीची कल्पना येते. समलिंगी पुरुष या चित्रात नव्हताच. त्याच्यावर अमेरिकेतल्यासारखा दोष आला नाही, तशी त्याला सूचनाही मिळाली नाही. भिंतीवरच्या पोस्टरवर धोका म्हणून बाई रंगवलेली असे. पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या अनेकांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला की बाईपासून लांब राहिले म्हणजे आपण सुरक्षित. अनुल्लेखाने झालेले हे नुकसान बदनामीपेक्षा कमी नव्हते.

भीतीचा पहिला फटका गोव्यात दिसला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेहमी रक्तदान करणारा. रक्तात विषाणू आढळल्यावर 1989 च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस डांबून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून ठेवली होती. त्याची आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक 1992 मध्ये वारला. त्याच्या हकिगतीवर बेतलेल्या ‘माय ब्रदर निखिल’ (2005) या चित्रपटाचा नायक समलिंगी आहे, आणि त्याच्याबरोबर अखेरपर्यंत राहतात ते जोडीदार आणि बहीण. न्यायालयाची दृष्टी बदलायला आठ वर्षे लागली. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित मजुराला टोपणनावाने दाद मागू दिली आणि काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ संसर्गामुळे नोकरी नाकारता येणार नाही असे ठरवले.

मुंबईत समलिंगी पुरुषांचे संघटन साथीच्या आधीच अंकुरले होते, पण त्याला जागा, पैसा आणि सरकारी दारात प्रवेश साथीने दिला. पत्रकार अशोक रावकवी यांनी 1986 मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत स्वतःबद्दल उघडपणे सांगितले. 1990 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक सुरू केले, 1994 मध्ये त्यांच्या हमसफर ट्रस्टची नोंदणी झाली आणि वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. देशाच्या कायद्यात ज्यांची कृती गुन्हा होती, त्यांना महापालिका खोली देत होती. ही विसंगती कोणाला फार खटकली नाही, कारण दारावर नाव आरोग्याचे होते.

कामाची पद्धत साधी होती. संध्याकाळी कार्यकर्ता स्टेशनवर, बागेत, मुतारीच्या आसपास उभा राही. पिशवीत निरोधची पाकिटे, वंगणाच्या पुड्या आणि एक वही. वहीत नाव नाही, फक्त क्रमांक. कोथी, पंथी हे गटातले शब्द कार्यकर्त्याला ठाऊक असत, कारण तोही त्यातलाच. सरकारने या सगळ्यांना मिळून एक नाव दिले, ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष. हा शब्द माणसाचा नव्हे, कृतीचा आहे. त्यात प्रेम नाही, घर नाही, आवडनिवड नाही. तरीही सरकारी कागदावर आलेला, शिवी नसलेला हा पहिला शब्द होता. ज्यांना गावात ‘बायल्या’ किंवा ‘छक्का’ याखेरीज दुसरी हाक नव्हती, त्यांच्यासाठी हा फरक लहान नव्हता.

दोन खात्यांची गाठ पडली की मात्र पोलीस जिंकत. 1994 मध्ये तिहार तुरुंगात निरोध वाटू द्यायला प्रशासनाने नकार दिला, कारण तसे केले तर आत काय चालते ते मान्य केल्यासारखे झाले असते. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने त्याविरुद्ध आणि कलम 377 विरुद्ध याचिका केली, ती पुढे बारगळली. जुलै 2001 मध्ये लखनौत निरोध वाटणाऱ्या चार आरोग्य कार्यकर्त्यांना अटक झाली आणि ते 47 दिवस कोठडीत राहिले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात कलमाला आव्हान दिले. मुख्य मुद्द्यांपैकी एक आरोग्याचा होता: गुन्हेगार ठरवलेला माणूस दवाखान्यात येणार कसा? इथे केंद्र सरकारची दोन तोंडे एकाच न्यायालयात दिसली. गृह खात्याने कलम राखा म्हटले, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने याच कलमामुळे माणसे लपतात असे प्रतिज्ञापत्र दिले. 2 जुलै 2009 रोजी मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते कलम निष्प्रभ केले. निकालाने आरोग्याचा मुद्दा मानला, पण तिथेच न थांबता डॉ. आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या भाषणाचा आधार घेऊन संवैधानिक नीती लोकांच्या नीतीहून वरची ठरवली. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आरोग्य खात्याने या न्यायालयापुढे अंदाजे 25 लाख माणसे आणि त्यांतले सुमारे 7 टक्के बाधित असा हिशेब ठेवला होता. न्यायालयाला ही लोकसंख्येतली क्षुल्लक संख्या वाटली. ज्यांना मोजून धोका सिद्ध केला, त्यांनाच मोजून हक्क नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्याच 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम पुन्हा निष्प्रभ झाले.

साथीच्या दारातून आत येऊ शकले ते पुरुषच. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया कोणत्याच धोक्याच्या गटात बसत नव्हत्या, म्हणून त्यांना निधीही नव्हता आणि खोलीही. मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेला ‘स्त्री संगम’ गट स्वतःच्या बळावर चालला. 1998 च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईतल्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली, तेव्हा आरोग्याचे कोणतेही कवच त्यांच्यापुढे नव्हते. लोकमत मऊ झाले ते रोग्याबाबत, प्रेमाबाबत नव्हे. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात मुलाचे समलिंगीपण आईला कळते, आणि नाटक उभे आहे ते तिच्या घालमेलीवर. मराठी मध्यमवर्गाला हा विषय घरात आणायला असे साहित्य लागले. एड्सच्या पोस्टरने तो घराबाहेरच ठेवला होता.

आता डहाणू आणि तलासरी. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले हे तालुके मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहेत. चारोटीला उड्डाणपुलाखाली आणि पुढे दापचरी, अच्छाडच्या सीमा नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत आल्या आहेत. एड्स नियंत्रणाचा कार्यक्रम या भागाकडे पाहतो तो मुख्यतः या रांगेतून. कार्यक्रमाच्या भाषेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, एमएसएम, तृतीयपंथी आणि सुईने नशा घेणारे हे जास्त जोखमीचे. ट्रकचालक आणि स्थलांतरित हे संसर्ग पुढे नेणारे दुवे. ठरावीक माणसांची संख्या भरल्याशिवाय संस्थेला प्रकल्प मिळत नाही. मुंबईतल्या एका स्टेशनवर ती संख्या एका संध्याकाळी भरते. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या तालुक्यात ती भरणे कठीण, म्हणून इथे ट्रक मोजले जातात, मजूर मोजले जातात, आणि पुरुषावर मन असलेला पुरुष मजुराच्या रकान्यात विरून जातो.

पावसाळी भातशेती आटोपली की या भागातले वारली आणि इतर आदिवासी पुरुष वीटभट्टीवर, वसई-विरारच्या बांधकामांवर, उंबरगाव-सरीगामच्या कारखान्यांत किंवा गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोटीवर महिनोन्महिने पुरुषांतच राहायचे. तपासणी झालीच तर कधी गुजरातच्या यंत्रणेकडे, कधी महाराष्ट्राच्या. ‘आदिवासींत हे नसतेच’ असे एक शहरी मत आहे आणि ‘आदिवासी मोकळेच असतात’ असे दुसरे. दोन्ही मते मांडणारे बहुधा पाड्यावर कधी राहिलेले नसतात.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्राची, खोली बहुधा ओपीडीच्या टोकाला असते. भिंतीवर लाल रिबिनीचे चित्र, दाराशी निरोधची पेटी, टेबलावर लांबट नोंदवही. वहीत संसर्गाचा संभाव्य मार्ग लिहायचा रकाना असतो. समोरचा माणूस लग्नाचा, दोन मुलांचा, मान खाली घालून ‘बाहेर गेलो होतो’ एवढेच म्हणतो. समुपदेशक ‘विषमलिंगी’वर खूण करतो. खोटे कोणीच बोललेले नसते. ‘समलिंगी’ हा शब्द पुस्तकी मराठीतला. वारली बोलणाऱ्याच्या तोंडी तो येत नाही आणि विचारणाऱ्यालाही तो सहज उच्चारवत नाही. या खुणेमुळे त्याला मिळणारा सल्लाही बायको आणि ‘बाहेरची बाई’ यांच्यापुरताच राहतो. राष्ट्रीय पाहणीत 2017 मध्ये एमएसएम गटात बाधितांचे प्रमाण 2.7 टक्के, तर गरोदर स्त्रियांत 0.28 टक्के आढळले; म्हणजे सल्ला नेमका जिथे लागतो तिथेच तो हुकतो.

उपचाराच्या बाबतीत मात्र फरक पडला आहे. 1 एप्रिल 2004 पासून विषाणूला आवर घालणारी एआरटी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि 2017 पासून निदान होताच सुरू होतात. औषध फुकट असले तरी वडापचे भाडे आणि बुडालेला रोज फुकट नसतो. काही जण ओळख पटू नये म्हणून जवळचे केंद्र टाळतात. 2013 च्या एप्रिलपासून डहाणू रोडहून लोकल सुटू लागली आणि मुंबईला एका दिवसात जाऊन येणे सोपे झाले. वाकोल्यातले हमसफरचे केंद्र, शहरातले दवाखाने, आणि ज्या ठिकाणी कोणी ओळखत नाही अशी गर्दी आता एका तिकिटावर आली. गावाने दृष्टी बदलण्याआधी रेल्वेने अंतर कमी केले.

एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास आणि संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई करणारा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 रोजी लागू झाला. कलम 377 च्या निकालाला तेव्हा चार दिवस झाले होते. पण ऑक्टोबर 2017 च्या रक्तदाता निवडीच्या मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांना रक्तदानास कायमचे अपात्र ठरवले आहे. त्यात जोडीदार एकच आहे का, तपासणी झाली आहे का, हे विचारलेले नाही. या नियमाला 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.